मलपरीक्षेच्या अहवालातील एक ओळ

घरात कुणाचे पोट आठवडाभर बिघडले, की मलपरीक्षेच्या अहवालात कधीकधी ‘एन्टामीबा हिस्टोलिटिकाचे सिस्ट आढळले’ ही ओळ येते आणि सारे घर धास्तावते. ती ओळ कशी लिहिली जाते, हे सुज्ञ वाचकांनी जाणून घ्यावे.

मलाचा कणभर अंश काचपट्टीवर एकदा सलाइनच्या व एकदा आयोडीनच्या थेंबात कालवतात. सलाइनमध्ये जिवंत परजीवी हालताना दिसतो. आयोडीनमुळे सिस्टमधील, म्हणजे कोशातील, केंद्रके स्पष्ट होतात. जिआर्डिया ओळखणे त्यामानाने सोपे. त्याचे हालते रूप नासपतीच्या आकाराचे असून दोन केंद्रकांमुळे ते जणू आपल्याकडेच टक लावून पाहते! लेवेनहूक यांनी १६८१ साली तो स्वतःच्याच मलात पाहिला होता. त्याचा कोश सुमारे ८ ते १२ मायक्रॉनचा, म्हणून पाणी गाळण्याच्या फडक्यातून तो सहज पार होतो. उकळलेल्या पाण्यात मात्र तो तग धरत नाही.

अमीबाचे प्रकरण अधिक बिकट आहे. पक्व कोशात आठ केंद्रके दिसली, तर तो सहसा निरुपद्रवी एन्टामीबा कोलाय. चार दिसली, तर हिस्टोलिटिका असू शकतो किंवा हुबेहूब तसाच दिसणारा, पण रोग न करणारा एन्टामीबा डिस्पार. हे दोन भिन्न जीव आहेत असे ब्रुम्प्त यांनी १९२५ मध्ये मांडले. शास्त्राने ते १९९३ च्या सुमारास स्वीकारले. हालत्या अमीबाच्या पोटात तांबड्या रक्तपेशी दिसल्या, तरच सूक्ष्मदर्शकाचा कौल भक्कम मानावा. एरवी प्रतिजन चाचणी किंवा पीसीआर लागते. केवळ चार केंद्रकांच्या आधारे शेजाऱ्याच्या जुन्या चिठ्ठीवरील गोळ्या घेणे मला तरी अविचाराचे वाटते.

उलट, खरा रोगी निसटूही शकतो. हालता अमीबा शरीराबाहेर अल्पायुषी असतो. पातळ मलाचा नमुना अर्ध्या तासाच्या आत तपासला जावा. सकाळची डबी दुपारी पोहोचवली, तर तो सापडणे कठीण. डबी कोरडी व स्वच्छ असावी, तीत लघवी मिसळू नये आणि नमुना शक्यतो औषध सुरू होण्यापूर्वीचा असावा. परजीवी रोज बाहेर पडतोच असे नाही. म्हणून डॉक्टरांनी दिवसाआड तीन नमुने मागितले, तर तिन्ही द्यावेत.