अंगणाला मैदान म्हणू नका

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना शब्द फुकट मिळतात, म्हणून आम्ही ते कसेही वापरतो. क्लाऊड म्हणजे ढग नव्हे, कुठल्या तरी गोदामात तापत बसलेले सर्व्हर. वॉल म्हणजे भिंत नव्हे. यानं कुणाचं फारसं बिघडत नाही. पण सोशल मीडियाच्या ॲपला ‘आजचं मैदान’ म्हणतात, तेव्हा बिघडतं.

2022 साली इलॉन मस्कनं 44 अब्ज डॉलर मोजून ट्विटर विकत घेतलं आणि त्याला सगळ्यांचा सामायिक डिजिटल चौक म्हटलं. हे वाक्य पुष्कळांनी गंभीरपणे घेतलं, अजून घेतात. माझा साधा प्रश्न आहे: ज्याचं खरेदीखत होतं, तो सगळ्यांचा चौक कसा? ते कुणाचं तरी अंगण. मालक खुशीत आहे तोवर खेळा.

हा शब्दांचा कीस वाटत असेल, तर ‘मैदान’ या शब्दाचा प्रवास बघा. अरबी-फारसीतून तो आपल्याकडे आला. मूळ कुठलं यावर एकमत नाही. काही अभ्यासक त्याचं नातं जुन्या इराणी भाषांमधल्या ‘मध्य’ अर्थाच्या शब्दाशी, म्हणजे आपल्या ‘मध्य’च्याच भावंडाशी जोडतात. सुरुवातीचा अर्थ मात्र घोड्यांभोवती फिरतो: घोडे पळवायची, पोलो खेळायची मोकळी जागा. इस्फहानमध्ये शाह अब्बासनं उभारलेलं नक्श-ए-जहान मैदान पाचशे मीटरहून लांब आहे आणि पोलोच्या गोलचे दगडी खांब तिथे आजही उभे आहेत. आपण मराठीत ‘घोडामैदान जवळच आहे’ म्हणतो, तेव्हा नकळत तोच जुना अर्थ वापरत असतो. नुसत्या बाता नकोत, आता सगळ्यांसमोर दिसेलच.

‘सगळ्यांसमोर’ हा त्यातला कळीचा भाग. इस्फहानच्या मैदानावर बाजार भरायचा, खेळ व्हायचे, आणि शाह महालाच्या सज्जातून ते बघायचा. म्हणजे तिथेही सत्तेची नजर होतीच. पण गर्दीतले लोक एकमेकांनाही बघत होते.

पुढे हा शब्द तुर्कीत ‘मेयदान’ झाला, इजिप्तमध्ये ‘मिदान’ झाला, आणि तुर्की वळणानं युक्रेनमध्ये ‘मैदान’ म्हणूनच पोचला. साध्या चौकासाठी युक्रेनियनमध्ये ‘प्लोश्चा’ हा वेगळा शब्द आहे. कीव्हच्या मुख्य चौकाला 1991 साली मात्र ‘स्वातंत्र्याचं मैदान’ असं नाव मिळालं. तिथे 2004 साली लोक जमले, 2013-14 च्या हिवाळ्यात पुन्हा जमले, शंभराच्या आसपास माणसं मारली गेली. त्यानंतर ‘मैदान’ हे तिथे नुसतं जागेचं नाव राहिलं नाही. ते घटनेचं नाव झालं: पहिलं मैदान, दुसरं मैदान. गाड्यांचे ताफे घेऊन निदर्शनं करणारे ‘ऑटोमैदान’ झाले.

कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. तिथे कुस्तीचं मैदान ‘भरतं’. जत्रेत मैदान ‘ठेवतात’. जागा एरवी नुसतीच पडलेली असते. लोक गोळा झाले की तिचं मैदान होतं.

आता ॲपकडे या. फीड कसं चालतं हे सांगायला गुपित फोडावं लागत नाही. प्रत्येकाचं फीड वेगळं मोजलं जातं. एकाच बाकावर बसलेल्या दोन मित्रांना एकाच दिवसाचं जग वेगवेगळ्या क्रमानं दिसतं. तुमची पोस्ट किती जणांना दाखवायची हे एक मॉडेल ठरवतं, आणि ते मॉडेल उद्या बदललं तर तुम्हाला नोटिस येत नाही. मैदानावरून माणसाला हाकलायचं तर पोलिस लागतात आणि ते चार लोकांना दिसतं. फीडमध्ये एक आकडा कमी केला की झालं. तुम्ही ओरडत राहता, तुम्हाला वाटतं कुणाला पर्वाच नाही.

सत्तेला हा फरक चांगला कळतो. 2013 मध्ये इस्तंबूलमध्ये ठिणगी पडली ती तक्सिम मेयदानीला लागून असलेल्या गेझी पार्कवर बांधकाम करायच्या बेतामुळे. बहारीनमध्ये 2011 साली लोक ज्या पर्ल चौकात जमले, तिथलं स्मारकच सरकारनं जमीनदोस्त केलं. जागा निरुपद्रवी असती तर दगडावर राग कशाला काढला असता?

यावर ठरलेलं उत्तर येतं: कैरोतल्या तहरीरची क्रांती फेसबुकवरच तर झाली! हाक फेसबुकवरून गेली, हे खरं. पण 28 जानेवारी 2011 ला इजिप्त सरकारनं जवळपास सगळ्या देशाचं इंटरनेट बंद केलं आणि त्याच शुक्रवारी रस्त्यावर प्रचंड गर्दी उतरली. दवंडी आणि मैदान यात फरक असतो. फोन ही उत्तम दवंडी आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आपली मैदानं, चावड्या तरी कुठे सगळ्यांच्या होत्या? बायकांना तिथे जागा नव्हती, दलितांना बाहेर उभं केलं जायचं. ज्यांना चावडीवर कुणी बोलू दिलं नाही, त्यांना फोननं पहिल्यांदा आवाज दिला. हे मान्यच करायला हवं. पण महाडला 1927 साली बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले. सार्वजनिक पाण्यावरचा हक्क त्यांनी तिथे जाऊन बजावला. सार्वजनिक जागेतून वगळलं जाणं हे ती जागा मिळवण्याचं कारण आहे, सोडून देण्याचं नाही.

मार्च 2018 मध्ये नाशिकहून सुमारे 180 किलोमीटर चालत हजारो शेतकरी मुंबईला आले. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा रात्री चालले आणि 12 तारखेला आझाद मैदानात बसले. त्याच दिवशी सरकारनं लेखी आश्वासन दिलं. पायांच्या फोडांचे फोटो फोनवरून सगळीकडे गेले, लोक हळहळले, त्याचाही दबाव आलाच. पण ते पाय आधी मैदानात येऊन पोचले होते.

मुंबईचं आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज ही एकेकाळच्या एकाच अखंड मोकळ्या पट्ट्याची तुकडे झालेली शिल्लक आहे. आज आंदोलनासाठी त्यातल्या एका मैदानाचा ठरावीक भाग ठेवलेला आहे. म्हणून शब्द जपायचा. ॲपलाच मैदान म्हणायची सवय लागली, की खऱ्या मैदानाला कुंपण पडताना, तिथे तिकीट लागताना, पार्किंग होताना आपलं काही जातंय असं वाटतच नाही. ‘बोलायला ऑनलाइन आहे की!’

ॲप खुशाल वापरा, मीही वापरतो, त्याच्यासारख्याच गोष्टी बनवून पगार घेतो. फक्त त्याला अंगण म्हणा. आणि तुमच्या वॉर्डातल्या मोकळ्या जागेवर पत्रे ठोकले जातील, तेव्हा त्याचा फोटो टाकून थांबू नका. चार जणांना घेऊन तिथे जा.