ढोलकी आपली, तर ढोलकीवाला परका कसा?



गुढीपाडवा आला की गावोगावच्या जत्रेचे पंच धुतलेल्या टोप्या घालून जुन्नर तालुक्यातील नारायणगावी जातात. तेथे तमाशाच्या फडमालकांनी राहुट्या ठोकलेल्या असतात, नावांचे फलक लावलेले असतात. चैत्र-वैशाखात ज्या गावी ज्या देवाची जत्रा, त्या तारखेची सुपारी तेथे ठरते. बैलबाजारात खोंडाचे दात पाहावेत तसे पंच फडाची माणसे पाहतात : बाया किती, ढोलकी कोणाची, सोंगाड्या कोण. मग घासाघीस, मग इसार, मग चहा. गावी परत आल्यावर मिशीला पीळ भरून सांगतात, "मालकाला चांगला खाली आणला!" आणि आपण चावडीवर बसून माना डोलावतो.

ज्याला खाली आणला तो कोण, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

मोठ्या फडात शंभराच्या घरात माणसे असतात. नाचणाऱ्या बाया, सरदार, सोंगाड्या, मावशी, ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणेवाला, झीलकरी, तंबू ठोकणारे, ट्रक हाकणारे, शंभर जणांच्या भाकऱ्या थापणाऱ्या. दसऱ्याला फड बाहेर पडतो तो बुद्धपौर्णिमेपर्यंत घर पाहत नाही. पावसाळ्यात कमाई नाही, म्हणून कलावंत मालकाकडून उचल घेतो. मालकाजवळ तरी कोठला पैका, तो सावकाराकडून घेतो. ऊसतोडीच्या कोयत्याला उचल कशी बांधते हे तुम्हास मी सांगावयास नको. तोच फास येथेही आहे, फरक एवढाच की येथे कोयत्याच्या जागी चाळ आहेत. तुम्ही नारायणगावी मालकाच्या सुपारीतून जो रुपया खाली ओढता तो मालकाच्या पोटातून जात नाही. तो शेवटी झीलकऱ्याच्या व भाकऱ्या थापणारीच्या ताटातून जातो. बाजार समितीत अडत्या आपला कांदा पायाने उकरून भाव पाडतो तेव्हा आपल्या अंगाची आग होते ना? मग वर्षातून एक दिवस आपल्या हाती तराजू आला तर आपणही अडत्याच व्हावे काय?

बरे, ठरलेला पैसा तरी सगळा मिळतो का? इसार हाती पडतो, बाकी खेळ झाल्यावर. पहाटे फडमालक हिशेबाला उभा राहिला की पंच सापडत नाहीत. कोणी म्हणतो वग लहान केला, कोणी म्हणतो बाई नीट नाचली नाही, कोणी म्हणतो पट्टी जमली नाही. पुढच्या गावाला ट्रक वेळेवर पोहोचवावयाचा असतो, म्हणून गरीब बिचारा मिळेल ते घेऊन निघतो. सर्वच गावे अशी नाहीत. चोख पैसे देऊन वर पाहुणचार करणारी गावे मी पाहिली आहेत. पण ती बोटांवर मोजण्याजोगी, आणि दुसऱ्या प्रकारची फार.

आता मुक्कामाचे पाहा. उकिरड्याशेजारची पडीक जागा फडाला द्यावयाची, पाण्याचा टँकर उन्हे उतरल्यावर पाठवावयाचा, आणि बायांनी नैसर्गिक विधीसाठी जावयाचे कोठे हा विचार करावयाचा नाही. मी खेड्यातला मास्तर. पूर्वी ज्या गावी नोकरीस होतो तेथे जत्रेच्या दिवशी मी पंचांस सुचविले, की शाळेला सुट्टी आहे, एक खोली आणि मुलींचे स्वच्छतागृह फडातील बायांसाठी उघडे ठेवू. त्यावर एक पंच म्हणाले, "मास्तर, विद्येच्या मंदिरात तमासगिरिणी शिरवता?" हेच गृहस्थ रात्री पहिल्या रांगेत फेटा उडवीत होते! विद्येचे मंदिर बायकांच्या पायाने बाटते ही समजूत ज्यांनी आपल्या आज्या-पणज्यांना शाळेबाहेर ठेवले त्यांची. ती आपण उचलून दुसऱ्याच्या लेकीवर कशाला लादावी?

कोणी म्हणेल, तमाशा हा धंदाच हलका, त्याला मान कसला द्यावयाचा? मी विचारतो, हलका कोणी ठरविला? उत्तर पेशवाईतील थोर शाहिरांची नावे आठवा. होनाजी जातीने गवळी, त्याचा जोडीदार बाळा शिंपी. सगनभाऊ मुसलमान शिकलगार, हत्यारांना धार लावणाऱ्यांच्या जातीतला. परशराम शिंपी. दूध विकणाऱ्या, सुई चालविणाऱ्या आणि पाते घासणाऱ्या घरांनी ही लावणी उभी केली. लाकूड कोरणारा सुतार, कातडे कमावणारा ढोर, घुंगरू ओतणारा ओतारी यांच्या हाताखालून गेल्यावाचून ढोलकी बोलत नाही व चाळ वाजत नाहीत. ही कला कारागिराच्या ओसरीवर जन्मली आणि शेतकऱ्याच्या खळ्यावर वाढली. जी आपली, तिला हलकी म्हणणे म्हणजे आपल्याच आईस दुसऱ्याच्या तोंडून शिवी देणे होय.

उच्च म्हणविणाऱ्या जातींतील जे खरे रसिक होते ते हे जाणून होते. सोलापूरचे राम जोशी ब्राह्मण होते, त्यांनी डफ हाती घेतला. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे वतनदाराचे पोर. कुलकर्णीपण आणि सोवळे दोन्ही टाकून ते पठ्ठे बापूराव झाले, पवळाबाईंबरोबर बोर्डावर उभे राहिले, आणि १९४५ साली पुण्यात विपन्नावस्थेत वारले. जातीने त्यांना टाकले हे ठीक, जातीकडून दुसरी अपेक्षा नव्हती. पण ज्या लाखो लोकांनी त्यांच्या लावण्यांवर टाळ्या पिटल्या त्यांनी तरी शेवटी काय केले?

आपल्या चळवळीवर तर तमाशाचे जुने कर्ज आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज स्थापिला. पुस्तके वाचणारे त्या वेळी खेड्यात किती होते? जोतीरावांचा विचार निरक्षर कुणब्याच्या कानी घातला तो सत्यशोधक जलशांनी, आणि जलशाचा साचा तमाशाचाच. गण-गौळणीतील देवादिकांच्या जागी नवी शिकवण आली, परंतु ढोलकीची थाप तीच आणि सोंगाड्याची जीभही तीच. पुढे आंबेडकरी जलशांनी हेच केले, अण्णा भाऊ साठ्यांनी कामगारवस्तीत हेच केले. ज्या घोड्यावर बसून आपण वाडा सर केला त्याला दाणावैरण घालावयाची वेळ आली, की आपण म्हणतो हा घोडा अशिष्ट आहे!

अश्लीलतेचा प्रश्न मी टाळीत नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती, आणि ती पुढे उठली ती वग तपासून घेण्याच्या अटीवर. तेव्हापासून शहाणे लोक तमाशा शुद्ध करीत आले आहेत. त्यांच्या शुद्धीकरणाची तऱ्हा मोठी मौजेची. लावणी शहरातील नाट्यगृहात गेली, तिला तिकीट लागले, नऊवारी नेसून चांगल्या घरच्या मुली ती सादर करू लागल्या आणि तिचे नाव झाले सांस्कृतिक वारसा. तीच लावणी तंबूत चाळ बांधून जन्म काढलेली बाई नाचली तर ती बाजारी! मुली नाचतात याचा मला आनंदच आहे, कोणाची कला कोणी अडवू नये. पण वारसा घेऊन वारसदाराला घराबाहेर काढणे याला कायद्यात काय म्हणतात ते कोर्टाची पायरी चढलेल्या शेतकऱ्यास बरोबर ठाऊक आहे.

आणि तंबूतील अश्लीलता आणतो कोण? अर्धा वग झाला नाही तोच मागून शिट्ट्या सुरू होतात, "वग बंद करा, सिनेमाचे गाणे लावा!" ही आरोळी आपल्याच पोरांची. फडमालकाने ऐकले नाही तर दगड येतात. तमाशाचा प्राण वगात आहे. वगातला राजा चुकतो, प्रधान लबाडी करतो, सोंगाड्या भर दरबारात दोघांची फजिती करतो आणि समोर बसलेला कुळवाडी पोट धरून हसता हसता शहाणा होतो. तो वग आपण अडीच तासांवरून अर्ध्या तासावर आणला. त्यात सरकारी नियमाची भर. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा ध्वनिप्रदूषणाचा नियम २००० सालचा. नियम वाईट नाही, आजारी माणसाला व अभ्यास करणाऱ्या मुलाला झोप हवीच. पण वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची तरतूद त्याच नियमांत आहे. गावच्या जत्रेची एक रात्र त्या दिवसांत धरावी अशी मागणी किती ग्रामपंचायतींनी ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडली? हल्ली मिरवणुकीत भिंती हादरविणाऱ्या डीजेसाठी पुढारी पोलीस ठाण्यात जाऊन बसतात. वगासाठी कोणी बसलेला मी पाहिला नाही.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव न ऐकलेला माणूस आपल्यात नसेल. १९३५ सालचा त्यांचा जन्म. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड, त्यात त्या वाढल्या. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, कळा आल्या तेव्हा आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा लोकांपुढे आल्या, ही हकीकत महाराष्ट्रभर सांगतात. सांगणारे ती कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुकापेक्षा दुसरेच काही दिसते. ओली बाळंतीण परत बोर्डावर कशाला आली? खेळ बंद पडला तर बाहेरचे लोक काय करतील ते तिला माहीत होते, म्हणून! २००२ च्या जानेवारीत विठाबाई गेल्या तेव्हा दवाखान्याचे बिल लोकांच्या देणग्यांतून भागवावे लागले. त्यानंतर त्यांच्या नावाने सरकारने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. मेल्यावर पुतळा व जिवंतपणी उधारी, ही रीत सरकारची एकट्याची नाही. ती आपण सर्वांनी मिळून चालविली आहे.

२०२० सालचा पाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवशी सारा देश कुलूपबंद झाला. राहुट्या उभ्या राहिल्या नाहीत आणि चैत्राच्या सगळ्या जत्रा बुडाल्या. २०२१ साली पाडवा १३ एप्रिलचा, आणि १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध. लागोपाठ दोन हंगाम, म्हणजे दोन वर्षांची उचल अंगावर आणि फिटण्याची वाट नाही. आपल्या शेतात दोन वर्षे पीक आले नाही तर आपण पंचनामा मागतो, मोर्चा काढतो. तमासगिराच्या बुडालेल्या हंगामाचा पंचनामा करावयास कोणता तलाठी जाणार? त्याच्या नावावर सातबारा नाही.

आता करावयाचे काय? वर्गणी वाढवा असे मी म्हणत नाही. वर्गणी पुष्कळ आहे. शोभेच्या दारूत आणि फ्लेक्सवर किती जाते ते एकदा मोजा. ठरलेला पैसा खेळाआधी पुरता द्यावा. सुपारीचा कागद दोन प्रतींत करून एक ग्रामपंचायतीत ठेवावी. दगड मारणारा पोरगा पाटलाचा असो की सरपंचाचा, त्याला मंडपाबाहेर घालण्याची हिंमत पंचांत नसेल तर तमाशा आणूच नये, कीर्तन ठेवावे.

आणि दोन गोष्टी आम्हा मास्तर मंडळींच्या कक्षेतल्या. फडाबरोबर फिरणारी पोरे शाळेच्या कुंपणाबाहेर उभी राहून आत पाहतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षात केव्हाही दाखल करावे लागते, दाखला नाही म्हणून परत पाठविता येत नाही. हे आम्ही जाणतो, तरी पट बिघडेल, पोर महिन्यात निघून जाईल म्हणून टाळाटाळ करतो. हे बंद झाले पाहिजे. ज्या गावी फडाचे बिऱ्हाड पावसाळ्यात असते तेथील मास्तराने स्वतः राहुटीत जाऊन नावे लिहून आणावीत. दुसरे असे, की म्हाताऱ्या कलावंतांच्या मानधन योजनेला २०२४ साली राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले आणि मानधन महिना ५००० रुपये झाले. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसारख्या गवयास कोल्हापुरात आश्रय दिला, १९१५ साली नाटकांसाठी मोठे नाट्यगृह बांधिले; त्यांचे नाव योजनेला शोभते. पण मानधन मागावयाचे तर अर्ज पाहिजे, वयाचा दाखला पाहिजे, उत्पन्नाचा दाखला पाहिजे, कला केल्याचा पुरावा पाहिजे. चाळीस वर्षे ढोलकी वाजविलेल्या माणसाजवळ पुरावा कसला? बोटांवरचे घट्टे कोणी स्कॅन करून घेत नाही. तेथे गावाने उपयोगी पडावे. जुनी जाहिरातपत्रके, जत्रेच्या वहीतील नोंदी, फोटो आपल्याच गावांत धूळ खात पडलेले असतात. ते शोधून ग्रामपंचायतीने दाखला द्यावा आणि अर्ज मास्तराने भरावा. आम्ही एवढे तपशीलवार रकाने भरतो, त्यात आणखी एक जड नाही.

यंदा तुमचे पंच नारायणगावी निघाले की त्यांच्याबरोबर गावातील दोन बायाही धाडा. राहुटीत बसून त्या फडातील बायांना विचारतील, मागच्या गावी पाणी होते का, आडोसा होता का. उत्तर त्यांना खरे मिळेल, पुरुष पंचांना ते मिळणार नाही. आणि जत्रेच्या आदल्या दिवशी शाळेच्या खोलीची किल्ली मास्तराकडून मागून घ्या. तो नाही म्हणाला तर त्याचे नाव या पत्राकडे कळवू नका, आधी गावसभेत विचारा.