पडला रोगी, दोष मात्र दैवाचा

साताऱ्यास व सांगलीस सरकारी रुग्णालये आहेत, आणि मिरजेस तर डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इस्पितळ काढल्यापासून दूरदूरचे रोगी उपचारास येत आले आहेत. परंतु रोगी कोठेही निजलेला असो, तो खाटेवरून पडून मांडीचे हाड मोडले की कपाळास हात लावून दैवास बोल लावावयाचा, ही आपली जुनी चाल आहे. ती आम्हांस मान्य नाही.

म्हातारा मनुष्य रात्री का पडतो यांत गूढ ते काय? झोपेच्या व रक्तदाबाच्या औषधांनी उठताच घेरी येते, लघवीची निकड असते. दिवा मंद, फरशी ओली, खाट उंच आणि हाताशी घंटा नाही. उशाशी निजलेला मुलगा दिवसभर चिठ्ठ्या घेऊन धावलेला. बापास आधी थोडा वेळ बसवून मग उभे करावे, हे त्यास कोणी सांगितलेलेच नसते. भारतीय परिचर्या परिषदेच्या दंडकाप्रमाणे सामान्य रुग्णालयात पाच रोग्यांमागे व वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रोग्यांमागे एक परिचारिका असावयास पाहिजे. ज्या वाचकांस वॉर्डात रात्र काढण्याचा प्रसंग येईल, त्यांनी खाटा व परिचारिका दोन्ही मोजून पाहाव्यात.

कोणी म्हणेल, कोर्टे आहेत. आहेत खरी! सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली वैद्यकसेवा ग्राहक कायद्याखाली आणली; पण जेथे सर्वांसच उपचार फुकट मिळतात, ती रुग्णालये त्यांतून वगळली. गरिबास उरले दिवाणी कोर्ट. तेव्हाच्या औरंगाबादेस सरकारी रुग्णालयात १९६३ साली शस्त्रक्रियेच्या वेळी एका बाळंतिणीच्या पोटात टॉवेल राहिला व ती दगावली. सरकार जबाबदार आहे, हा अखेरचा निकाल लागला १९९६ साली. तेहतीस वर्षे!

तेव्हा उपाय अपघाताच्या आधीच केला पाहिजे. रोगी दाखल होताच त्यास पडण्याचा धोका किती, हे पाहावे. प्रत्येक पडण्याची नोंद व्हावी, आणि नोंद करणाऱ्या परिचारिकेसच प्रथम शिक्षा करण्याची खोड सोडावी. नाहीतर नोंद होणारच नाही. रुग्ण कल्याण समितीने ती वही दरमहा उघडून पाहावी. पेठेतील व्यापारी रुग्णालयांस पंखे देतात, ते द्यावेतच. परंतु यंदा शौचकूपाच्या भिंतीस धरावयाचे कठडेही बसवून द्यावेत. त्यावर देणगीदाराचे नाव कोरावयाचे असल्यास आमची मुळीच हरकत नाही.