पेशी मेल्या, पण रोगी बरा झाला का?

चोरखमारा गेटमधून नागझिऱ्यात शिरले की ऐन, धावडा, बेहडा, मोह, तेंदू आणि मधूनच बिब्बा, असे रान लागते. यातल्या बिब्ब्याच्या अर्काने प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मेल्याचे शोधनिबंध बरेच आहेत. अडचण पुढे सुरू होते. शोधनिबंधातले वाक्य बातमीत येते, बातमीचे मथळ्यात ‘कर्करोगावर रानातले औषध’ होते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला मात्राही जोडलेली असते. बिब्बा अंगावर उततो, हे ज्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, तिथेही तो पोटात घेण्याचे सल्ले मग फिरू लागतात.

ही चाचणी असते तरी कशी? खारघरला टाटा मेमोरियल केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या संस्थेत अशा तपासणीची सोय आहे. 96 बारीक खळग्यांच्या प्लास्टिकच्या तबकडीत स्तनाच्या, फुप्फुसाच्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवतात. त्यांवर अर्क वेगवेगळ्या प्रमाणात टाकतात. साधारण दोन दिवसांनी पेशींतल्या प्रथिनांना चिकटणारा एक रंग घालून किती पेशी उरल्या ते मोजतात. शेजारच्या खळग्यांत अ‍ॅड्रियामायसिन हे वापरातले औषध तुलनेसाठी असतेच. पेशींची वाढ निम्म्यावर आणायला अर्क जितका कमी लागेल तितका तो दमदार. अशी चाळणी हवीच, तिच्याशिवाय पुढचे काम सुरूच होत नाही.

पण तबकडीत मीठही पेशी मारते, स्पिरिटही मारते. निरोगी पेशी वाचतात का, पोटातून रक्तात तेवढे प्रमाण पोहोचते का, यकृत ते टिकू देते का, हे प्रश्न तबकडीला विचारताच येत नाहीत.

या वाटेची लांबी नंदुरबारात जन्मलेल्या डॉ. मनसुख वाणी यांच्या कामावरून कळते. अमेरिकेत मनरो वॉल यांच्यासोबत त्यांनी 1966मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. प्रयोगशाळेत ते जबरदस्त ठरले. माणसांना दिल्यावर मात्र दुष्परिणाम इतके झाले की 1970च्या दशकात चाचण्या थांबवाव्या लागल्या. ते पेशीत नेमके काय करते हे 1985मध्ये उलगडले आणि रेणूत बदल करून बनवलेल्या दोन औषधांना अमेरिकेत 1996मध्ये मान्यता मिळाली. तीस वर्षे! याच जोडीने यू वृक्षाच्या सालीतून शोधलेल्या टॅक्सॉललाही, साल गोळा केल्यापासून मान्यता मिळेपर्यंत, 1962 ते 1992 असा तेवढाच काळ लागला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 1960 ते 1982 या काळात वनस्पतींचे सुमारे 1 लाख 14 हजार अर्क तपासले. त्यातून दवाखान्यापर्यंत पोहोचलेली ठळक नावे ही दोनच.

म्हणून ‘अर्काने पेशी मेल्या’ अशी बातमी वाचताना पुढचे विचारावे: प्राण्यांवर तपासले का, माणसांवर तपासले का, किती जणांवर? उत्तर नसेल तर ते औषध नाही, शक्यता आहे. गोंदियातला रुग्ण नागपूरपर्यंतच्या खेपा, राहण्याचा खर्च आणि केमोची भीती यांनी आधीच दमलेला असतो. त्याने चार महिने काढा घेऊन पाहिला, तर तेवढ्यात लवकर सापडलेली गाठ पसरू शकते. काढा देणारा पुढे भेटतही नाही. काही घ्यायचेच असेल तर निदान उपचार करणाऱ्या डॉक्टरला सांगून घ्यावे. काही वनस्पती केमोच्या औषधांचा परिणाम कमी-जास्त करतात.

आता जंगलाची बाजू. कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या नरक्यातही सापडते, हे 1972मध्ये भारतीय संशोधकांनी दाखवले. रुग्णांना फायदा झाला, झाडाच्या वाट्याला मात्र कुऱ्हाड आली. चोरटी तोड आणि तस्करी यांनी सिंधुदुर्गासारख्या भागात नरक्या दुर्मीळ होत गेला. उद्या नागझिऱ्याच्या परिसरातल्या एखाद्या सालीत खरोखर काही निघाले तर? 2002च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या सांगितल्या आहेत, लाभात वाटाही सांगितला आहे. कितीतरी ठिकाणी ही वही कंत्राटी पद्धतीने भरून कपाटात गेली आहे. ती ग्रामसभेत उघडून, वैदू आणि मोह-तेंदू वेचणाऱ्या बायांना बसवून पुन्हा लिहायला हवी, आणि तीही पहिली साल सोलली जाण्याआधी.