गाडीखालची यतना

हर्सूलला घरासमोरच मोटारीची किरकोळ कामे उरकू पाहणाऱ्या गृहस्थाने जॅक घेताना वजनक्षमतेआधी त्याची किमान उंची पाहावी. साधा ट्रॉली जॅक पूर्ण खाली बसवला तरी बहुधा १३० मिलिमीटरच्या आसपास उंच राहतो. चाकातील हवा जाऊन गाडी खचली की तो आत शिरत नाही. ७५ ते ९० मिलिमीटरचा बुटका जॅक शिरतो. छोट्या गाडीस २ टनांचा पुरे, त्याहून मोठा बाळगणे ही निव्वळ हौस. जॅकची चाके लहान असल्याने मराठवाड्याच्या काळ्या मातीत ती रुततात. खाली सपाट, पक्की जमीन हवीच.

जॅक गाडी उचलतो. ती धरून ठेवणे त्याचे काम नव्हे. आतील सील केव्हा दगा देईल, सांगता येत नाही. दोन भक्कम स्टँड लावल्याविना कोणीही गाडीखाली जाऊ नये. त्यासाठी जॅक थोडा स्वस्तातला घ्यावा लागला तरी चालेल.

यतनेची खरी वेळ येते ती गाडी उतरवताना. उन्हाच्या दुपारी मांजर, कुत्र्याचे पिल्लू नेमके त्याच सावलीत येऊन निजते. वाकून चारही बाजूंनी पाहावे, मगच झडप अगदी हळू सैल करावी. म्हणजे गाडी दणकन न आदळता सावकाश टेकते.