उसाच्या फडातील गर्भवती

दिवाळी सरली की सातारा व सांगली जिल्ह्यांतील साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि कृष्णाकाठच्या शिवारात मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांत गर्भवती स्त्रियाही असतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ गणला जातो, उचल आधीच घेतलेली असते आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. मग पोटात कळ आली तरी बाई डोक्यावरची मोळी खाली ठेवीत नाही.

बहुतेक गर्भपात पहिल्या 12 आठवड्यांत होतात आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषांमुळे घडतात. ते कोणालाही टाळता येत नाहीत. त्यासाठी बाईला बोल लावणे हा अन्यायच होय. परंतु म्हणून सारेच दैवावर सोपवावे, असे मुळीच नाही. अंगावरून रक्त जाणे, ओटीपोटात वा कमरेत कळा येणे, रक्ताच्या गाठी पडणे ही धोक्याची लक्षणे आहेत. प्रत्येक रक्तस्रावाचा शेवट गर्भपातात होत नाही; पण तपासणीवाचून ते कळावयाचे कसे? त्यात ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, एका बाजूची तीव्र वेदना किंवा भोवळ असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णालय गाठले पाहिजे.

फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, मधुमेह, रक्तदाब व थायरॉईडची वेळीच तपासणी आणि मिश्री-तंबाखूचा त्याग हे उपाय सर्वज्ञात आहेत. मात्र जड ओझी उचलण्याने व तासन् तास ओणवे राहण्यानेही धोका वाढू शकतो; आणि तेथे उपदेश पुरत नाही. विश्रांती घेणे तिच्या हाती कोठे असते?

गर्भपातानंतर 6 आठवड्यांची भरपगारी रजा 1961 च्या प्रसूती लाभ कायद्याने मान्य केली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली. पण मुकादमाच्या वहीत जिचे स्वतंत्र नावही नसते, तिने ही रजा मागावी कोणाकडे? कारखान्यांनी हंगामाच्या आरंभीच गर्भवतींची नोंद करावी, आशा सेविकांना फडापर्यंत पोहोचवावे, त्यांना ओझ्याच्या कामातून मुक्त करावे आणि आजारपणाचा खाडा कापू नये. सहकाराचा वारसा सांगणाऱ्या या जिल्ह्यांना हे अवघड नाही. साखरेच्या पोत्याचा हिशेब चोख ठेवणाऱ्यांनी या मातांचाही हिशेब ठेवावयास हवा.