टक्का कशावरचा?

व्यवहारात कोणी ‘चाळीस टक्के’ म्हणाले की जाणता व्यापारी आधी विचारतो, ‘कशावर?’ मुद्दल कळल्याशिवाय टक्क्याला अर्थ नाही, हे पेढीवर बसणाऱ्या माणसाला शिकवावे लागत नाही. आरोग्याची वार्ता वाचताना मात्र तोच माणूस हा प्रश्न विसरतो. ‘रोज कच्च्या भाज्या खाणाऱ्यांना मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका चाळीस टक्क्यांनी कमी’, असे वाक्य समोर आले की दुसऱ्याच दिवशी घरात कोशिंबिरीची परात भरते.

हा आकडा मूळचा स्वीडनचा आहे. मध्य स्वीडनमधील ४० ते ७६ वर्षे वयाच्या सुमारे ६१,००० स्त्रियांच्या आहाराची माहिती १९८७ ते १९९० या काळात नोंदवली गेली आणि पुढे सरासरी १३ वर्षांहून अधिक काळ त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवली गेली. त्या अवधीत १२२ जणींना मूत्रपिंडाचा कर्करोग झाला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २००५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कच्च्या भाज्या रोज खाणाऱ्या स्त्रियांमध्ये, त्या मुळीच न खाणाऱ्यांच्या तुलनेत, हा धोका ४० टक्क्यांनी कमी दिसला. केळी, कोबी आणि विशेषतः गाजर-बीटसारख्या मुळांच्या बाबतीतही घटीचा कल आढळला.

आता मुद्दल पाहावे. ६१,००० मध्ये १२२, म्हणजे दहा हजारांत वीस, आणि तेही तेरा वर्षांत मिळून. वीसांचे चाळीस टक्के आठ. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा कळण्यास पुरेसा आहे. आठ जणी म्हणजे आठ कुटुंबे, त्यांना क्षुल्लक म्हणता येत नाही; तरी ‘चाळीस टक्के’ ऐकून मनात उभे राहणारे चित्र आठांचे नसते. शिवाय रुग्णसंख्या एवढी लहान होती की ही घट निव्वळ योगायोगाची असू शकेल, ही शक्यता त्या आकड्यांतून पुरती वगळता आली नाही.

पुढच्याच वर्षी, २००६ साली, युरोपातील आठ देशांच्या मिळून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात साडेतीन लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. त्यात फळे-भाज्या आणि हा कर्करोग यांचा ठोस संबंध दिसून आला नाही. मग २००९ मध्ये तेरा अभ्यासांची एकत्र मांडणी झाली: साडेसात लाखांवर स्त्री-पुरुष आणि १,४७८ रुग्ण. दिवसाला ६०० ग्रॅम वा त्याहून अधिक फळे-भाज्या खाणाऱ्यांत, २०० ग्रॅमहून कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत, धोका ३२ टक्के कमी आढळला. हा आकडा बराच भक्कम आहे. तथापि भाजी भरपूर खाणारा माणूस बहुधा धूम्रपान कमी करतो, चालतो अधिक आणि वजनही आवरतो. चौकातल्या दुकानाची विक्री वाढली तर श्रेय नव्या पाटीचे की चौकाचे, हे ठरवणे जसे कठीण, तसेच हे. संशोधक असे घटक हिशेबातून वजा करतात, पण सगळेच वजा होत नाहीत.

गाजर-बीटचा उल्लेख वाचून कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरात मनात शंका येणे स्वाभाविक आहे. त्या शंकेला फारसा आधार नाही. एका अभ्यासातील एका पदार्थावरून व्रत हानिकारक ठरत नाही, आणि गाजरातील ज्या बीटा-कॅरोटीनची चर्चा होते ते लाल भोपळा, पिकलेली पपई, आंबा आणि पालेभाज्या यांतही असते. पर्वतिथीला हिरवी भाजी टाळून कडधान्यांवर दिवस काढणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. अमेरिकेत सुमारे पाच लाख लोकांच्या अभ्यासात, २०१३ साली, सर्वाधिक तंतुमय आहार घेणाऱ्या गटात हा धोका सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षा १९ टक्के कमी दिसला. त्यात कडधान्यांचा आणि अख्ख्या धान्यांचाही वाटा होता. अर्थात टक्का कशावरचा, हा प्रश्न येथेही लागू आहेच.

या रोगाची ज्यांच्याविषयी दुमत नाही अशी कारणे तीन: धूम्रपान, स्थूलता आणि उच्च रक्तदाब. दिवसभर गादीवर बैठक, दुपारच्या चहासोबत फरसाण, रात्री उशिरा जेवण आणि रक्तदाबाची गोळी आठवली तर घ्यायची, अशा दिनक्रमात वाटीभर कोशिंबीर मोठा जमाखर्च बदलू शकत नाही. जेवणात भाजी-डाळ वाढून तेल-साखर-मीठ घटले, त्यामुळे वजन आणि रक्तदाब ताब्यात राहिले, तर लाभ त्या वाटेनेही होतो. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली दिवसाची किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या हे प्रमाण गाठणेही अनेक सुखवस्तू घरांत जमत नाही. लग्नसराईत तर विचारायलाच नको.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे, कारण चूक येथेच होते आणि ती प्रेमापोटी होते. घरातील ज्या वडीलधाऱ्यांची मूत्रपिंडे आधीच दुर्बल झाली आहेत, क्रिएटिनिन वाढलेले आहे, त्यांना ‘किडनीला चांगले’ म्हणून केळी, पालकाचा रस, नारळपाणी आग्रहाने दिले जाते. या पदार्थांत पोटॅशियम भरपूर असते. निरोगी मूत्रपिंड जादा पोटॅशियम बाहेर टाकते. दुर्बल मूत्रपिंडाला ते जमत नाही आणि रक्तात साठलेले पोटॅशियम हृदयाची लय बिघडवू शकते. अशा रुग्णाची भाजी कोणती, किती, आणि उकळून पाणी टाकून द्यायची की नाही, हे त्याच्या रक्ततपासणीचा कागद पाहून डॉक्टर ठरवतात. तो कागद आणि रोजच्या ताटाची यादी, दोन्ही पुढच्या भेटीला सोबत न्यावीत.